गुंडूअण्णांची चिंचबन कंपनी

अकरावी-बारावीच्या पोरांना मी जो विषय शिकवतो त्याचं नाव 'चिटणीसाची कार्यपद्धती'. नाव ऐकूनच माणसाला जांभई यावी. कंपनी कशी काढतात, तिचे भाग कसे विकतात, सभा कशी बोलावतात, संचालक कोण, सभासद कोण, असा सगळा मामला. मी मूळचा लोहाऱ्याचा. नोकरीसाठी अणदूरला आलो आणि इथलाच झालो. इतक्या वर्षांत हा विषय मनापासून आवडतो असं म्हणणारा विद्यार्थी मला एकच भेटला. त्याचं नाव हजेरीपटावर नव्हतं, वय पंचावन्नच्या पुढं होतं आणि तो मागच्या बाकावर बसून खिशातल्या भाजक्या शेंगा खात असे. गुंडूअण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. कंपनीचा धडा निघाला की माझं लक्ष अजून त्या बाकाकडं जातं आणि फळ्यावरचं वाक्य अर्धवट राहतं.

अण्णांचं हमरस्त्यापासून थोडं आत फोटोचं दुकान होतं. लग्नाचं शूटिंग हा मुख्य धंदा. पण नवरा-नवरीपेक्षा त्यांचा कॅमेरा मानपानावर जास्त फिरायचा. पहिला फेटा कुणाला बांधला, पंगतीत पहिल्या पाटावर कोण बसलं, कुणाचा मामा रुसून मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन बसला आणि त्याला आणायला कोण गेलं, हे सगळं त्यात यायचं. एकदा एका नवरीच्या बापानं तक्रार केली की माझ्या लेकीपेक्षा व्याह्याचा चुलताच जास्त दिसतोय. अण्णा म्हणाले, "लगीन काय दोघांचंच असतंय व्हय? दोघं फोटोला बी उभी ऱ्हात्यात. बाकीची कुठं उभी ऱ्हायली ते बगा, म्हंजी लगीन कळंल." त्या बापाला ते पटलं नाही. पण चार-पाच वर्षांनी त्याच घरात वाद झाला, तेव्हा लग्नात कोण कुठं उभं होतं ते बघायला सगळे अण्णांच्याच दुकानात आले.

त्यांचं सिनेमा बघणंही असंच उफराटं. सिनेमाच्या आधी कंपन्यांची नावं आणि चिन्हं येतात ना, तेवढी ते डोळे ताणून बघत. गोष्ट सुरू झाली की चहा टाकायला उठत. आजकाल एकेका सिनेमाला चार-चार कंपन्यांची नावं असतात. अण्णा प्रत्येक नावाला हुंकार देत आणि म्हणत, "बगा सर, लेकरू एक आन् मामा चार. आता बारशाला आहेर कुनी करायचा?"

हा नाद त्यांना कुठून लागला ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. तरुणपणी ते येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत तंबूतल्या सिनेमावर कामाला होते. रिळांचे पत्र्याचे डबे उचलायचे, परत भरायचे. एका डब्यावरचा कंपनीचा कागद उन्हानं सुटला होता. अण्णांनी तो नखानं ओढला तर खाली दुसऱ्याच कंपनीचा कागद. तो ओढला तर तिसरीचा. आतला सिनेमा तोच, वरचे धनी बदलत गेलेले. "सगळ्यात खालच्या कागदावर ज्याचं नाव व्हतं," अण्णा म्हणाले, "त्यानंच त्यो सिनेमा केला आसनार. आन् त्योच पार खाली गेला." त्या दिवसापासून सिनेमात पुढं काय होतं यापेक्षा सिनेमाच्या कंपनीचं पुढं काय झालं हे त्यांना छळू लागलं.

मोबाइल हातात आल्यावर तर त्यांना रान मोकळं झालं. कुठल्या कंपनीनं कुणाला कधी गिळलं ते अण्णा भाऊबंदकीच्या थाटात सांगत. चार भावांनी साता समुद्रापार काढलेली एक कंपनी, तिच्या पाटीवर अजून भाऊच आहेत पण घरात भाऊ एकही नाही. आपल्याकडची पाच भागीदारांची एक कंपनी कोल्हापुरातून पुण्याला गेली, मोठी झाली, भागीदार फुटले आणि आज तिच्या आवारात सिनेमा शिकवायची शाळा भरते. आणि त्यांची सगळ्यात आवडती, सिंहाचं चिन्ह असलेली परदेशी कंपनी. तिची जागा एकानं घेतली, जुने सिनेमे दुसऱ्यानं घेतले, नाव तिसऱ्याकडं फिरत राहिलं. "सिंव्ह आजून डरकाळी फोडतोय," अण्णा कळवळून म्हणत, "पर रान कुनाचं हाय ते त्या बिचाऱ्याला ठावं न्हाय." अण्णांनी सिंहाची खरोखर काळजी केली. जेवताना घास थांबवून काळजी केली.

एक दिवस ते सरळ कॉलेजात आले आणि म्हणाले, "सर, तुमी कंपनी शिकवता म्हनं. म्या मागं बसू का?"

पहिल्याच तासाला मी शिकवत होतो की कंपनीला अखंड अस्तित्व असतं. सभासद येतात, जातात, मरतात, पण कंपनी राहते. कायद्यानं तिला आपोआप मरण नसतं. पोरं खिडकीबाहेर बघत होती. मागून शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. अण्णा उभे राहिले.

"कंपनीला मरान न्हाय?"

"नाही."

"मग त्या सिंव्हाचं काय झालं?"

मला राग आला. पुस्तकात सिंह नव्हता. पण अण्णा बसायला तयार नव्हते. त्यांचा दुसरा प्रश्न तर वर्षभर पुरला. म्हणाले, घराच्या वाटण्या केल्या की घर मोडतं, हे आम्ही डोळ्यानं बघतो. तुमच्या पुस्तकात आधीच वाटण्या करून ठेवायच्या, त्या बाजारात कुणालाही विकायच्या आणि तरी घर उभं राहतं म्हणता, ते कशावर? मी भांडवल, भाग, हस्तांतर सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. पटलेलं नाही हे मला दिसत होतं.

एवढी चौकशी कशासाठी चालली होती ते नंतर कळलं. अण्णांना सिनेमाची कंपनी काढायची होती. सिनेमा म्हणजे मोबाइलवर बघायचे छोटे विनोदी सिनेमे, आपल्या बोलीतले, आपल्या शिवारातले. गावाबाहेरच्या चिंचेच्या बनात पहिलं शूटिंग झालं म्हणून नाव चिंचबन कंपनी. जोडीदार नळदुर्गचा बसवराज, अण्णांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. आवाजाचं काम त्याच्याकडं. पक्षी, पंप, बैलाच्या गळ्यातली घंटा, सगळं कानानं वेगळं काढणारा, टापटिपीचा माणूस. या कामासाठी त्यानं सोलापुरातली बरी नोकरी सोडली होती. तिसरी महत्त्वाची व्यक्ती शेवंताक्का, मेंढरं राखणारी. तिची मेंढरं प्रत्येक सिनेमात असत. गोष्टीत गरज नसली तरी असत.

कंपनीची रचना ठरवायला सगळे चिंचेखाली बसले, तेव्हा मलाही जाणकार म्हणून बोलावलं होतं. मी पुस्तक घेऊन गेलो. कुणाचे किती भाग, संचालक कोण, हे मांडायला सुरुवात केली तर अण्णांनी हात वर केला. "भाग नगं, सर. मान ठरवू." आणि जत्रेत जसे मान असतात तसे त्यांनी मान वाटले. आवाजाचा मान बसूकडं, म्हणजे बसवराजकडं. मेंढरांचा मान शेवंताक्काकडं. गोष्टीचा मान कुणाकडं, जेवणाचा कुणाकडं, सगळं ठरलं. मान पिढीजात. बापामागं लेकाला, सासूमागं सुनेला. विकायचा नाही, गहाण ठेवायचा नाही, काढूनही घ्यायचा नाही. स्वतःकडं अण्णांनी उन्हात थर्माकोलचा पांढरा पुठ्ठा धरून नटाच्या तोंडावर उजेड पाडायचा मान घेतला. मी म्हणालो, अण्णा, ही कंपनी नाही, ही जत्रा झाली. ते म्हणाले, "जत्रा कुनी इकत घेतल्याली बगितली का तुमी?"

पहिल्या दृश्याआधी कॅमेऱ्यावर भंडारा उधळायचा मान शेवंताक्काचा होता. अक्कानं ओंजळ भरून हळद घेतली, 'येळकोट' म्हणत डोळे मिटले आणि उधळली ती थेट कॅमेऱ्याच्या भिंगावर. बसवराज ओरडला. त्यानं खिशातून मऊ फडकं काढलं आणि पुसू लागला. "अक्का, बाजूला टाकायचं ना! भिंगाच्या कडंत जातंय, निघत न्हाय हे!" अक्का म्हणाली, "देवाच्या कपाळाला लावायचं सोडून देवाच्या बाजूला टाकू व्हय रं?" अण्णा तिच्या बाजूचे. मग दर सिनेमाला हेच. अक्का उधळायची, बसवराज दात-ओठ खात पुसायचा, तरी कडेनं थोडी हळद राहायचीच. चिंचबनच्या प्रत्येक सिनेमात कोपऱ्यातून एक पिवळसर झाक दिसते ती त्यामुळं. मोबाइलवर एका सिनेमाखाली कुणीतरी लिहिलं होतं की या दिग्दर्शकाचं सोनेरी प्रकाशावर विलक्षण प्रभुत्व आहे. अण्णांनी ते अक्काला वाचून दाखवलं. तिनं पदर सारखा केला.

सिनेमे चालले. आधी तालुक्यात, मग जिल्ह्यात, मग पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं बघू लागली. एस.टी.त कुणाच्या तरी मोबाइलवर शेवंताक्काच्या मेंढरांचा आवाज यायचा आणि अर्धी गाडी हसायची. आणि मग, जे मोठ्या कंपन्यांच्या इतिहासात होतं तेच झालं. चांगलं चाललेलं बघून विकत घ्यायला माणूस आला.

पुण्याच्या कुठल्याशा मनोरंजन कंपनीचा तो तरुण अधिकारी सभ्य होता. त्यांना चिंचबनचं नाव आणि सगळे जुने सिनेमे हवे होते. चिंचेखाली सतरंजीवर बसून त्यानं लॅपटॉप उघडला आणि साधा प्रश्न विचारला, "मालक कोण?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. त्यानं शेवंताक्काला विचारलं. ती म्हणाली, "म्या मेंढरं आनते. माझ्या माघारी सून आनंल." गोष्टीच्या मानकऱ्यानं जेवणाच्या मानकऱ्याकडं बोट दाखवलं. शेवटी त्यानं अण्णांनाच विचारलं, मग तुम्ही कोण? अण्णा म्हणाले, "म्या पुट्टा धरतो."

अधिकाऱ्याला वाटलं हे जास्त पैशासाठी ताणतायत. त्यानं एकेकाला वेगळं नेऊन विचारलं. पण विकायला कुणाकडंच काही नव्हतं. प्रत्येकाकडं करायचं काम होतं, विकायची वस्तू नव्हती. पुस्तकाच्या दृष्टीनं ही ढळढळीत चूक होती आणि मी ती अण्णांना आधीच दाखवून दिली होती. अधिकारी चहा पिऊन, मेंढरांबरोबर फोटो काढून परत गेला.

तो गेला आणि बसवराज फुटला. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या घरी दोन पोरं शिकत होती आणि सोडलेली नोकरी परत मिळणार नव्हती. "अण्णा, तुमच्या मानानं माझी चूल पेटत न्हाय," तो म्हणाला. "विकलं असतं तर काय बिघडलं असतं? सिनेमे ऱ्हायलेच असते की!"

"ऱ्हायले आसते," अण्णा म्हणाले. "वर दुसरा कागूद लागला आसता."

"लागू द्या की! पोट तरी भरलं असतं."

  बसवराज गेला आणि यायचा बंद झाला. फोन उचलेना. पुढचा सिनेमा अण्णांनी त्याच्याशिवाय करायचा प्रयत्न केला, पण आवाजाचा मान त्याचा, दुसऱ्या कुणाला तिथं बसवायचा नाही. मग एक बिनआवाजाचा सिनेमा केला. तो कुणी शेवटपर्यंत बघितला नाही. त्या काळात अण्णा माझ्या तासाला यायचे, पण शेंगा नसायच्या. एकदा तास संपल्यावर म्हणाले, "सर, म्या चार भावांच्या कंपनीला हसत व्हतो. त्यांनी निदान इकून तरी वाटून घेतलं. आमचं तर नुसतंच मोडलं."

मला फार वाईट वाटलं. मी फळा पुसत राहिलो.

आता इथं बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्गचा खंडोबा हा एकच देव. देवळं दोन, मूर्ती एक. वर्षाचा मोठा काळ देव अणदूरला असतो, मग नळदुर्गला जातो, पौषातली मोठी यात्रा तिथं होते आणि ती उरकली की देव माघारी येतो. देव नेणारी माणसं परत आणून द्यायचं कबूल करून नेतात. पिढ्यान्‌पिढ्या नेतात आणि आणतात.

त्या वर्षी देव नळदुर्गला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्याकडं आले. "सर, देव बी दोन गावचा हाय. त्येची वाटनी कुनी केली न्हाय. मूर्ती मदोमद कापली न्हाय, इकून बी वाटून घेतली न्हाय. फिरवली." कंपनीचा कॅमेरा आणि ज्या मोबाइलवर कंपनीचं सगळं खातं होतं तो मोबाइल, दोन्ही एकाच काळ्या बॅगेत असत. ती बॅग ते यात्रेपुरती बसवराजकडं पोचवणार होते. तिथं त्यानं त्याच्या मनासारखा सिनेमा करावा. देव माघारी आला की दुसऱ्या दिवशी बॅगही माघारी.

मी थक्क झालो. पुण्याचे लोक आता थेट बसवराजशी बोलत होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मोबाइल त्याच्या हातात गेला की अंगठ्याच्या एका दाबानं तो सगळं त्यांच्या नावावर करून मोकळा होणार होता. मालक कोण हा प्रश्नच उरला नसता. मी म्हणालो, "अण्णा, ज्याला विकायचंय त्याच्याच हातात देताय? दिलं की गेलं."

"न्हाय दिलं तर बी गेलंच की, सर," ते म्हणाले. "बसूबिगर काय ऱ्हायलंय माझ्याकडं? सिंव्हाचं नुसतं तोंड."

माझ्याच मोटारसायकलवर आम्ही नळदुर्गला गेलो. अण्णा मागं बसले होते, बॅग पोटाशी धरून. देवाच्या दिवशी जायचं नाही, त्याची बरोबरी करायची नाही, म्हणून दुसरा दिवस. बसवराज दारात आला. आत या म्हणाला नाही. अण्णांनी बॅग पुढं केली आणि दोन वाक्यांत सांगितलं.  बसवराजनं दोन्ही हात पुढं केले.

"माघारी आनून द्यायचं कबूल हाय का?" अण्णांनी विचारलं.

बसवराज बॅग घेऊन आत गेला.  त्यानं कबूल तरी म्हणायला हवं होतं, असं येताना माझ्या तोंडातून निघून गेलं. ते म्हणाले, "घेताना दोन्ही हात फुडं केले त्येनं. तुमी बगितलं न्हाय का?" मी बघितलं होतं. पण त्यावर माझा विश्वास नव्हता.

त्या दिवसांत अण्णांच्या छातीत दुखायला लागलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून माझ्या वर्गात येणंही बंद झालं. गावात बोलणी सुरू झाली. कुणी म्हणे विकलं, कुणी म्हणे सही झाली, कुणी म्हणे बसवराज नवी गाडी घेतोय. शेवंताक्का मेंढरं घेऊन दुकानावरून जाताना रोज विचारायची, "आलं का?" अण्णा म्हणत, "देव कुठं आलाय आजून?"

देव आला. दुसऱ्या दिवशी मी तास उरकून दुकानावर गेलो तर अण्णा सकाळपासून पायरीवर बसलेले. जेवायलाही आत गेले नव्हते. धुतलेला सदरा घातला होता. मी शेजारी बसलो. हमरस्त्यावरून एस.टी. यायच्या, थांबायच्या, माणसं उतरायची, आणि अण्णा प्रत्येक गाडीला थोडे उठून परत बसायचे. ऊन उतरू लागलं. त्या वेळी बसवराजचा मला इतका संताप आला होता की तो समोर असता तर मी काय बोललो असतो सांगता येत नाही.

तो चालत आला. एस.टी. चुकली म्हणून जीपनं आला होता आणि जीप गावाच्या अलीकडं बिघडली होती. घामेजला होता. अण्णांच्या पुढं उभा राहून त्यानं दोन्ही हातांनी बॅग पुढं केली. अण्णांनी दोन्ही हातांनी घेतली.  मग मीच न राहवून विचारलं, पुण्याची माणसं आली होती का?

"आली व्हती."

"मग?"

"मालक कोन म्हनून इचारलं." बसवराज अण्णांकडं न बघता रस्त्याकडं बघत होता. "म्हनलं, आवाजाचा मान माझ्याकडं हाय. बाकीचं अणदूरला इचारा."

अण्णांनी बॅगेची चेन उघडली. कॅमेरा मांडीवर घेतला, भिंगावरचं झाकण काढलं आणि मावळत्या उजेडाकडं धरलं. मीही वाकून बघितलं. भिंगाच्या कडेला सगळीकडून हळद बसलेली होती. ओंजळ भरून उधळल्यासारखी. बसवराजनं नळदुर्गला सिनेमा केला होता आणि पहिल्या दृश्याआधी स्वतःच्या हातानं भंडारा उधळला होता.

तो ओशाळून म्हणाला, "पुसायचं ऱ्हायलं, अण्णा." आणि सवयीनं खिशातलं फडकं काढलं.

अण्णांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊंदे, बसू," म्हणाले.

मला घरी जायची वेळ झाली होती. वळणावरून मी मागं बघितलं. पायरीवर अण्णा, त्यांच्या बाजूला बसवराज आणि मांडीवर उघडा कॅमेरा. शेवंताक्काची मेंढरं परतत होती, धूळ उडत होती, आणि अण्णा भिंग झाकत नव्हते. अक्कानं लांबूनच विचारलं, "आलं का?" अण्णांनी एका हातानं बॅग उचलून तिला दाखवली. दुसऱ्या हातात त्यांनी बसवराजचा हात अजून तसाच धरलेला होता.